उलटी बांधलेली गाठ

पोनपे बेट, १४ मार्च १९९६

आरिएत पोरी,

देव तुला सुखी ठेवो आणि तुझ्या गुडघ्यांना बळ देवो. माझे गुडघे त्याच्या मनातून उतरलेले दिसतात. बाकी इथे सगळे बरे आहोत. जे बरे नव्हते ते गेले, त्यामुळे उरलेले बरेच म्हणायचे.

हे पत्र माझी सून पेर्पेतुआ लिहिते आहे, रोसेन्दोची बायको. तू आमच्या घरी राहायचीस तेव्हा ती शेंबडी पोर होती. आता शाळेत शिकवते आणि मी बोलताना कुठे थांबायचं तेही शिकवते. तिला म्हटलं, मी बोलेन ते लिही, सुधारू नकोस. तुझं नावही तिने आधी हॅरिएट असं लिहिलं होतं, मी खोडायला लावलं. या घरात तू आरिएत होतीस.

तुझी नाताळची कार्डं येतात. दरवर्षी तेच घर आणि तोच बर्फ. माझी धाकटी बहीण लुसेन्सिया होती तोवर म्हणायची, बिचारीला इतक्या वर्षांत छपरावरचं पांढरं काही झाडता आलं नाही. लुसेन्सिया गेली त्यालाही पाच वर्षं झाली. कळवलं होतं बहुतेक. नसेल तर आता कळलं.

नीरफणस यंदा इतके लागलेत की डुकरंसुद्धा तोंड फिरवतात. रोसेन्दोचं कोनफळ वाढतंय. कुठे लावलंय ते मलाही सांगत नाही, आणि तेच बरोबर आहे. तू एकदा दुसऱ्याच्या कोनफळाचा वेल बघत उभी राहिली होतीस आणि तो माणूस महिनाभर माझ्याशी बोलला नव्हता, आठवतं का? मी त्याला म्हटलं होतं, अरे, ती अमेरिकन आहे, तिला बघायची सवय आहे, खायची नाही.

तुझ्यामागून तुमच्या देशातले आणखी दोघे येऊन गेले. एक स्पॅनिश लोकांच्या लढाईचं विचारायचा, एक बाई जपान्यांच्या वेळचं. तुम्हाला आम्ही सगळे 'विचारणारे' म्हणतो, हे तुला ठाऊकच आहे. मला एक कळत नाही, तुमच्या स्वतःच्या देशात काही घडलेलंच नाही का? की तिथलं सगळं विचारून संपलं? दोघांच्याही काखेत तुझं पुस्तक. मी काही सांगायला लागले की पान उघडायचे आणि म्हणायचे, आजी, तुम्ही विसरलात, तुम्ही तर असं म्हणाला होतात. शेवटी मी म्हटलं, मग मला कशाला त्रास देता, पुस्तकालाच जेवू घाला आणि पुस्तकालाच विचारा.

आता एक बातमी. आमचे राजे गेले, जानेवारीत. चाळीस डुकरं कापली. गादी रिकामी आहे आणि जूनच्या शेवटी सभाघरात सगळे जाणते बसून ठरवणार आहेत. तुला हे पाठ आहे, तरी पेर्पेतुआला नीट लिहिता यावं म्हणून सांगते. आमच्यात गादी बापाकडून येत नाही, आईकडून येते. लिओवी आणि लिकेंदा या दोन बहिणींचे आम्ही सगळे. त्यांतल्या थोरलीच्या पातीतला वडील पुरुष गादीवर बसतो. आम्ही लिओवीच्या पातीतले, आणि आमच्यातला वडील पुरुष आता रोसेन्दो. मारिआनो लिकेंदाच्या पातीतला. गेलेले राजे बसले तेव्हा युद्ध नुकतंच संपलं होतं, कुळात वयात आलेला पुरुष तेवढा एकच उरला होता, म्हणून थोरली कोण आणि धाकटी कोण हे कोणी काढलंच नाही.

मारिआनो सरकारी कचेरीत आहे. चांगला मुलगा आहे, मला बघितलं की वाकतो. त्याने तुझ्या पुस्तकातल्या एकशे बाराव्या पानाच्या प्रती काढून सगळ्या जाणत्यांना नेऊन दिल्या.

पोरी, एक विचारायचं होतं. छापलेल्या पुस्तकातलं एक पान बदलता येतं का? आमच्याकडे छपराचं एखादं पान कुजलं तर तेवढंच ओढून काढतात, घर उतरवत नाहीत. सहज विचारते आहे. पेर्पेतुआ माझ्याकडे बघते आहे, तिला म्हटलं तू खाली बघून लिही.

तुझी इथली आई,
कार्लीना


पोनपे बेट, ९ मे १९९६

आरिएत,

तुझं पत्र आणि कॅसेट पोचली. साबणही पोचला. वास छान आहे.

पत्र पेर्पेतुआने दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा तुझ्या आवाजात. तू आमची भाषा चिखलात चालल्यासारखी बोलायचीस ना, एकेक पाय उपटून, तशी. मी हसले. मग पत्रात काय लिहिलं आहे ते नीट ऐकलं, आणि हसू राहिलं बाजूला.

तू लिहितेस की पान बदलता येणार नाही, कारण ते शब्द माझेच आहेत. टेप तू पुन्हा ऐकलीस. थोरली लिकेंदा, धाकटी लिओवी, असं मी स्वच्छ सांगते आहे. मी एकटीच नाही, तू आणखी तिघांना विचारलं होतंस आणि तिघांनी तेच सांगितलं. तू लिहितेस की इतक्या वर्षांनी, मुलाच्या गादीचा प्रश्न आल्यावर, माणसाची आठवण नकळत वळते, त्यात कोणाचा दोष नसतो, आणि म्हणून इतिहास लिहिणारे जुन्या साक्षीला जास्त मानतात, जेव्हा सांगणाऱ्याला काही मिळवायचं नव्हतं. आणि तू लिहितेस की तुला आमच्या राजकारणात पडता येणार नाही.

किती गोड लिहितेस. वीस वर्षं पोरांना शिकवून जीभ चांगली धुऊन निघाली आहे. नकळत वळते. म्हणजे म्हातारी खोटं बोलते, हे तू इतक्या नम्रपणे सांगितलंस की मला आधी वाटलं, माझ्या तब्येतीची चौकशी केली आहेस.

आणि पडता येणार नाही म्हणजे काय? तू बावीस वर्षं आमच्या सभाघरात खांबाला टेकून बसली आहेस. बसलेलं माणूस पडायचं काय राहिलं आहे.

आता जे सांगते ते मला सांगायचं नव्हतं. पत्रात तर नाहीच. मला अक्षर येत नाही, म्हणून तुझ्याशी एक शब्द बोलायचा तर मध्ये सून. जपान्यांनी शाळेत बोलावलं तेव्हा मी झाडावर चढून बसले, त्याची ही शिक्षा.

मी गाठ उलटी मारली होती.

इथे पेर्पेतुआने लिहिणं थांबवलं. म्हणाली, "आई, तुम्ही तिला खोटं सांगितलंत?"

म्हटलं, "खोटं नाही. गाठ."

"आणि आता तीच गाठ माझ्या नवऱ्याच्या गळ्याला लागली."

तिला म्हटलं, हेही लिही. लिहिलं तिने, बघ.

आरिएत, तू इथे चौदा महिने राहिलीस, माझ्या ताटात जेवलीस, आणि एवढं तुला कोणी सांगितलं नाही. कारण हे सांगायचं नसतं, कळायचं असतं. आमच्याकडे जाणतं माणूस कुळाची गोष्ट सांगतं तेव्हा एक गाठ उलटी मारतं. नाव बदलतं, नाहीतर जागा, नाहीतर कोण आधी आणि कोण नंतर. सगळं एकदम देऊन टाकलं तर सांगणारा रिकामा होतो, आणि रिकामं माणूस फार जगत नाही. ऐकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. तो ऐकतो, मान डोलावतो, घरी जातो. वर्षाने एक चांगलं कोनफळ आणि साकाव पिळून प्यायची मुळी घेऊन परत येतो आणि म्हणतो, आजी, ते दोघी बहिणींचं पुन्हा एकदा सांगा ना. तेव्हा गाठ थोडी सैल होते. तिसऱ्या खेपेला सुटते. ज्याला खरं हवं असतं तो येत राहतो.

तू म्हणशील, बाकीचे तिघं? माझा मामा, मिशनचा म्हातारा डीकन आणि लुसेन्सिया. तू प्रत्येकाकडे वही घेऊन गेलीस, आणि त्यांनी आधी काय विचारलं ते तुला आठवतं का? तिघांनीही विचारलं, कार्लीना काय म्हणाली? आणि तू, गुणी मुलगी, सांगून टाकलंस. मग ते काय म्हणणार होते? ज्या घरी तू जेवतेस त्या घरची बाई चुकली, असं पाहुणीच्या तोंडावर कोण सांगतं? मामा संध्याकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तुझी अमेरिकन येऊन गेली. तुझ्या गाठीवर मीही बोट ठेवलं." आम्ही पोट धरून हसलो. तू त्याला तीन साक्षीदार म्हणतेस. पोरी, साक्षीदार एकच होती, बाकी तिघं सभ्य होते.

कॅसेट ऐकली. माझा आवाज तेव्हा किती जाड होता. कोंबडा ओरडतो, कोणीतरी नारळ फोडतं, आणि मी "थोरली लिकेंदा" म्हणते तिथे मागे लुसेन्सिया फसकन हसते. पेर्पेतुआने तुझं पान काढून बघितलं. तिथे तू कंसात 'हशा' असं छापलं आहेस. सगळं लिहून घेतलंस ग बाई, हसणंसुद्धा लिहून घेतलंस. का हसली तेवढं विचारलं नाहीस.

आता राहिलेलं सांगते, म्हणजे माझ्याकडे काही उरणार नाही. मी लहान गाठ मारू शकले असते. होडीचं नाव बदललं असतं तरी रीत पाळली गेली असती. लुसेन्सियाने मला टोकलंही होतं, एवढी मोठी कशाला? मी तिला सांगितलं नाही. लहान गाठीसाठी कोणी समुद्र ओलांडून परत येत नाही. मला वाटलं, धाकटीला थोरली केली तर तू तिकडे पुस्तकं चाळताना कधीतरी म्हणशील, हे काही जुळत नाही, आईला जाऊन विचारलं पाहिजे. विमानाच्या शिडीवर तू म्हणाली होतीस, दोन वर्षांत येते. दोन वर्षांनी मी कोनफळ बाजूला काढून ठेवलं, तू काही आणायला विसरलीस तर माझंच मला द्यायला. चौथ्या वर्षी पुस्तक आलं. तू नाही आलीस. तुझं सगळं जुळलं होतं.

आता एकच कर. जाणत्यांच्या नावाने एक ओळ लिही, की कार्लीनाने गाठ उलटी मारली होती आणि मला ती कळली नाही. त्यांना तेवढं पुरे. तुझी सही असली की पुरे. आमच्या तोंडापेक्षा तुमच्या सहीला हल्ली जास्त दात आहेत. जूनच्या विसाव्या तारखेच्या आत पोचू दे.

कार्लीना


पोनपे बेट, २० जुलै १९९६

आरिएत,

तुझं दुसरं पत्र काल आलं. त्यावर येते. आधी इथलं सांगते, क्रमाने, म्हणजे तुला लिहून घ्यायला सोपं जाईल.

जूनच्या अठ्ठाविसाव्या तारखेला सकाळपासून सभाघरात दगडांवर साकावची मुळी कुटत होते, नव्या राजाला पहिला पेला द्यायचा म्हणून. तुझी ओळ आली नव्हती. पेर्पेतुआ आठवडाभर रोज पोस्टात जाऊन आली, शेवटी तिथला माणूस तिला बघूनच मान हलवायचा. म्हणून आम्ही ती कॅसेटच घेऊन गेलो. लुसेन्सियाचं हसणं ऐकलं की जाणत्यांना कळेल, असं वाटलं.

लावली. सगळे ऐकत होते. हसणं आलं तेव्हा मागे बसलेल्या दोन म्हाताऱ्या हसल्या. त्यांना बरोबर कळलं. त्यांना कोणी विचारलं नाही. पुढे बसलेल्यांपैकी एकाने म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे. तुझ्यासारखाच शिकलेला आहे तो, तिकडे हवाईला.

मग मी बोलले. आमच्यात बाईने त्या दिवशी तिथे बोलायचं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. म्हटलं, मी त्या मुलीला उलटं सांगितलं होतं. थोरली लिओवी. माझ्या आजीने मला सांगितलं, तिला तिच्या आजीने.

मारिआनो बसल्या जागी वाकला. आवाज चढवला नाही, मान वर केली नाही. म्हणाला, "मावशी, तुमचा मान मोठा आहे. मला एवढंच सांगा, तुम्ही तेव्हा त्या बाईशी खोटं बोललात, की आत्ता आमच्याशी बोलताय?"

मी म्हटलं, "तेव्हा."

त्यावर जाणत्यांतला सगळ्यांत वडील म्हणाला, "कार्लीना, तेव्हा तुला मिळवायचं काही नव्हतं. आज तुझा मुलगा आहे."

तुझं वाक्य, आरिएत. शब्द थोडे इकडचे तिकडे. त्याने तुझं पत्र वाचलेलं नाही, त्याला वाचताही येत नाही. तुम्ही दोघं समुद्राच्या दोन टोकांना बसून माझ्याबद्दल एकच बोलता, याचं मला नवल वाटलं. तुझ्या भाषेत हे दोन साक्षीदार झाले.

मारिआनोचा राग नाही मला. त्याच्या आजीला खरं ठाऊक होतं, पण ती याच्या जन्माआधी गेली. त्याने छापलेलं वाचलं आणि मानलं. चोर असता तर दोन शब्द सुनावले असते. वाचणाऱ्याला काय सुनावणार.

पहिला पेला मारिआनोसाठी पिळला. तो नेऊन द्यायला कोणी उठेना. सगळे रोसेन्दोकडे बघायचं टाळत होते, म्हणजे सगळे त्याच्याकडेच बघत होते. तोच उठला. दोन्ही हातांनी पेला धरून, नजर बाजूला वळवून, त्याने तो मारिआनोच्या पुढे केला. हात हलला नाही. राजा कसा असावा म्हणून विचारतीस तर मी तो हात दाखवला असता. पण तू विचारायला नव्हतीस आणि तो राजा नव्हता.

घरी आलो. पायऱ्या चढताना रोसेन्दो म्हणाला, "आई, ती गाठ तू तिच्यासाठी ठेवलीस. आम्ही तर रोज घरात होतो."

एवढंच. त्यानंतर तीन आठवडे, जेवलीस का, आणि दार लावून घे. जेवते मी. दारही लावते. पेर्पेतुआ हे लिहिते आहे आणि तिला यावर काही बोलायचं आहे, पण बोलत नाही. ती माझ्यापेक्षा शहाणी निघाली.

त्याने विचारलं त्याचं उत्तर मी त्याला दिलेलं नाही. तुला देते, कारण तू लांब आहेस. घरातल्याला वाटतं, म्हातारी आहेच, उद्या विचारू. तू वही घेऊन माझ्यासमोर बसायचीस आणि मी नुसती खोकले तरी वर बघायचीस. तसं माझ्याकडे कोणी बघितलं नव्हतं. आईने नाही, नवऱ्याने नाही, पोटच्या पोरांनीही नाही. मला ते आणखी हवं होतं. त्यासाठी मी माझ्या पोराची गादी गाठीत बांधली आणि तुझ्या पिशवीत घातली, आणि तू ती जपून नेलीस.

आता तुझं पत्र. चार पानं. कार्डापेक्षा बरीच मोठी मजल. तू लिहितेस की माझं मागचं पत्र वाचून तुला झोप लागली नाही. तू लिहितेस की जाणत्यांना ओळ लिहिण्याआधी तुला खात्री करून घेणं भाग होतं, म्हणून जुन्या सगळ्या टेप पुन्हा ऐकत होतीस, आणि त्यात जून गेला. ठीक. आणि मग तू लिहितेस की ही गाठ म्हणजे फार मोलाची गोष्ट आहे, यावर कोणी नीट लिहिलेलं नाही, तुझं विद्यापीठ तिकिटाचे पैसे द्यायला तयार आहे, ऑगस्टमध्ये तू येतेस, नवं यंत्र घेऊन. दोन महिने राहशील. आईच्या घरी राहता येईल का, विचारतेस.

म्हणजे माझं खरं होतं ग. तू येतेस. गाठीसाठीच येतेस. फक्त मला वाटलं होतं त्यापेक्षा वीस वर्षं जास्त लागली, आणि मध्ये माझा मुलगा खर्ची पडला.

ये. पाहुण्याला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही, आणि माझ्याकडे आता रीतच तेवढी उरली आहे. मारिआनोकडे उतर. राजाच्या घरी जागा मोठी आहे, आणि दुसऱ्या देशातून विचारायला येणाऱ्यांनी राजाकडेच उतरावं, ते शोभतं. मला विचारायचं असेल तर दुपारी ये, मी ओट्यावर असते. तू विचारशील त्याचं उत्तर देईन. एकही गाठ नसेल. माणूस सरळ सांगतं तेव्हा ऐकणाऱ्याला किती कंटाळा येतो ते तुला कळेल.

आणि ती जाणत्यांना लिहायची ओळ आता लिहू नकोस. नव्या पुस्तकातही नको. पेला दिला गेला, सगळ्यांनी बघितला. आमच्याकडे ज्याला पहिला पेला तो थोरल्या पातीचा, आणि ज्याने नेऊन दिला तो धाकट्या पातीचा. पुढे ज्या मुली विचारतील त्यांना त्यांच्या आज्या हेच सांगतील, गाठ न मारता, कारण त्यांना दुसरं माहीतच नसेल. एकशे बारावं पान तसंच राहू दे. छापलंस तेव्हा चुकीचं होतं, आता खरं आहे. इतका चांगला इतिहास कोणाला लिहिता येतो, आधी लिहायचा आणि मग घडायचा.

देव तुला सुखी ठेवो. विमानात गरम कपडे घाल.

लिओवीच्या पातीतली, म्हणजे धाकट्या पातीतली,
कार्लीना